तिसरा दिवा

बाईचा आवाज यंत्राचा होता. आधी तिने आमचा नंबर वाचून दाखवला, एकेक आकडा सुटा करून, आणि तो बरोबर होता. मग ती म्हणाली, आणीबाणीसाठी या फोनचा नोंदवलेला पत्ता आहे एकशे चौऱ्याऐंशी, गिब्सन स्ट्रीट, बफेलो. पत्ता बरोबर असेल तर फोन ठेवून द्या. मी ठेवला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या आमच्या मोहरीच्या रंगाच्या जुन्या फोनचा रिसीव्हर कानाला लावून मी तसाच उभा राहिलो, आणि बाईने पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं, तेवढ्याच थंडपणे. आम्ही राहतो एकोणचाळीस, रोवन रोड, चीकटोवागा इथे, बफेलोच्या बाहेर. आमच्या मुलीच्या, रेनाटाच्या जन्माआधीपासून राहतो. गिब्सन स्ट्रीटवर मी आयुष्यात कधी कुणाच्या दारात उभा राहिलेलो नाही. माझ्या पाठीमागे लुसिना कोबी चिरत होती, सुरीचा आवाज एका लयीत चालला होता. मी रिसीव्हर ठेवला तेव्हा तो आवाज थांबला. "झाला का फोन तपासून?" तिने विचारलं. "झाला," मी म्हणालो. "बरोबर आहे ना सगळं?" "बरोबर आहे." सुरी पुन्हा सुरू झाली. पण मधे एक क्षण गेला होता, आणि तो मी ऐकला होता.

मी तीस वर्षं डाउनटाउनच्या एका मोठ्या दुकानात पहारेकरी होतो. गणवेशातला नव्हे, साध्या कपड्यातला, गिऱ्हाइकासारखा टाय-मोजे चाळत फिरणारा. लोकांचे हात बघणं हे माझं काम. त्या कामाचा एकच नियम होता, तो पहिल्या दिवशी शिकवत आणि त्यात चूक झाली तर नोकरी जाई. चोराला दुकानात धरायचं नाही. हातमोजे कोटाच्या आत गेलेले डोळ्यांनी दिसले तरी नाही. आत धरलंत तर तो सरळ म्हणेल, मी पैसे द्यायलाच निघालो होतो, आणि तुम्ही तोंडावर पडाल. तो दार ओलांडून फुटपाथवर पाय ठेवेपर्यंत त्याच्या मागे मागे जायचं, चेहरा बावळट ठेवायचा, आणि मग खांद्यावर हात टाकायचा. त्या सवयीने मी आयुष्यभर गप्प राहायला शिकलो. म्हणून त्या दिवशी लुसिनाला विचारलं नाही, की अगं बाई, हा गिब्सन स्ट्रीट कुठला काढलास? कोणत्याही शहाण्या नवऱ्याने विचारलं असतं. मी कोबीचं सूप प्यायलो, छान झालंय म्हणालो, आणि बघायला लागलो.

कारण चूक असणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या घरात असती तर चूक म्हणून सोडून दिली असती. फोनची ही नवी डबी लुसिनानेच बसवली होती. आमच्या भागातली तांब्याची तार कंपनीने बंद केली, आता फोन हवा असेल तर इंटरनेटवरून घ्या म्हणाले, तेव्हा मी नुसता चिडचिड करत बसलो आणि ती कामाला लागली. राउटरपासून डबीला एक वायर, डबीपासून जुन्या फोनला दुसरी, मग मदतकेंद्राच्या माणसाशी बोलून नाव, नंबर, पत्ता नोंदवणं, हे सगळं मी हृदयरोग्यांच्या व्यायामवर्गाला गेलो असताना तिने उरकलं. परत आलो तर डबीवर तीन हिरवे दिवे. "पहिला विजेचा, दुसरा इंटरनेटचा, तिसरा फोनचा," ती म्हणाली, जणू तीन नातवंडांची ओळख करून देत होती. "रिसीव्हर उचलला की तिसरा लुकलुकतो. काही नाही रे, जुन्या बोर्डासारखंच आहे." ती हॉस्पिटलच्या फोनबोर्डावर बसायची. एका हाताने डॉक्टर, दुसऱ्या हाताने शवागार, आणि मधे कुठल्याही आईला कुठल्याही वॉर्डातलं पोर जोडून द्यायची. मला ती आधी आवाज म्हणूनच भेटली. दुकानात एक गिऱ्हाईक चक्कर येऊन पडलं, मी हॉस्पिटलला फोन लावला, घाबरून ओरडत होतो, आणि ती म्हणाली, "एक क्षण थांबा, जोडून देते." त्या आवाजाला बघायला मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. असली बाई फोनचा पत्ता चुकीचा सांगेल? सरळ आहे, चुकून सांगणार नाही. सांगितला असेल तर मुद्दाम सांगितला असेल.

जुन्या फोनचं बरं होतं. तार भिंतीतून निघून खांबावर जायची, खांबावरून कंपनीत, आणि तुमची वाचा बसून तुम्ही नुसते धापा टाकत राहिलात तरी पलीकडच्याला कळायचं, हाक कुठल्या घरातून आली. या डबीला घरच नाही. ती खिशात घालून फ्लोरिडाला नेली तरी आपला नंबर तिथे वाजेल, असं रेनाटा कौतुकाने सांगते. म्हणून तिला बजावून ठेवावं लागतं, की आम्ही इथे आहोत. आणीबाणीचा नंबर फिरवून बोलता आलं तर विचारतात कुठून बोलताय. बोलता आलं नाही, तर जो पत्ता सांगून ठेवलाय तिथे अॅम्ब्युलन्स पाठवतात. मागच्या हिवाळ्यात माझ्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली. पुन्हा झालं तर मी काही फार बोलू शकेन असं नाही. गेल्या वेळी तर मला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नव्हतं, जिभेचा नुसता लगदा झाला होता. आता पुन्हा झालं की गाडी घंटा वाजवत गिब्सन स्ट्रीटला जाणार. हे मला कळत होतं. एक फोन करून ते दुरुस्त करता आलं असतं, हेही कळत होतं. पण दुरुस्त केलं म्हणजे तिला समजणार की मला समजलंय. ती सावध होणार. मी केलं नाही. छातीवर हात ठेवून झोपत होतो आणि बघत होतो.

बघायला लागलं की दिसायलाही लागतं. डबी बैठकीत टीव्हीच्या शेजारी, फोन स्वयंपाकघरात. मी खुर्चीत पेपर घेऊन बसायचो आणि तिसऱ्या दिव्यावर डोळा ठेवायचो. दुपारी, मी डुलक्या घेतोय असं तिला वाटलं की तो लुकलुकायला लागायचा. थोडा वेळ लुकलुकायचा, मग स्थिर. म्हणजे तिने फोन उचलला, लावला, कुणीतरी बोललं, तिने ठेवला. एक शब्द ऐकू यायचा नाही. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो तर ती सिंकपाशी, हात कोरडे. एकदा दाराच्या फटीतून बघितलं. फोन उचलण्याआधी तिने आजूबाजूला पाहिलं. हे मी हजारदा पाहिलेलं आहे. वस्तू विकत घेणारा वस्तूकडे बघतो, उचलणारा आधी आजूबाजूला बघतो.  मी फ्रिज उघडून उभा राहिलो, काहीतरी हवंय असं दाखवायला. ईस्टरच्या जेवणासाठी लोण्याचं घडवलेलं कोकरू अजून तसंच होतं, मागून अर्धं खाल्लेलं, मान कापायची हिंमत दोघांनाही होत नाही, आणि त्याचे मिरीचे डोळे माझ्याकडे रोखून बघत होते. "काय शोधतोयस?" लुसिनाने विचारलं. "काही नाही." "मग दार लाव की. सगळी थंडी बाहेर येतेय." वैतागलेला, रोजचा आवाज. चांगले चोर असेच बोलतात.

रेनाटाला फोन केला तो गॅरेजमधून, माझ्या मोबाइलवरून. ती डेन्व्हरला असते, तिला सगळ्यातलं सगळं कळतं. "पपा, तू गॅरेजमधून का बोलतोयस? आवाज घुमतोय." "गाडीचं बघतोय. मला सांग, घरातलं इंटरनेट कोण कोण वापरतंय ते कळतं का?" "का? शेजारचे चोरतायत असं वाटतंय? तू रिटायर झालास ना रे?" हसली. मग सांगितलं, कुठे जायचं, काय दाबायचं. मी दाबलं. टीव्ही दिसला, फोनची डबी दिसली, माझा मोबाइल दिसला. आणि चौथं काहीतरी होतं, आधी येऊन गेलेलं, त्याला नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. "हे काय आहे?" "ते तू सांगायचं, घर तुझं आहे. मम्मीचा फोन?" "मम्मीचा फोन जुना आहे, त्याला इंटरनेट नाही."  "पपा, मम्मी बरी आहे ना?" "मम्मी ठणठणीत आहे. तिला कशाला काय होतंय?" माझा आवाज चढला असावा. बाहेर आलो तर लुसिना मागच्या दाराच्या पायरीवर उभी होती, कचऱ्याची पिशवी हातात धरून. किती वेळ उभी होती कोण जाणे. आम्ही एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, ही माझ्यावर पाळत ठेवतेय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात दोन पहारेकरी झाले होते, आणि माल कुठला चोरीला गेला ते कुणीच सांगत नव्हतं.

त्या नाव नसलेल्या चौथ्याच्या वेळा मी बघायला लागलो. तो सकाळी यायचा, माझ्या व्यायामवर्गाच्या वेळी. मी परतायच्या आधी निघून जायचा. झालं, आता आणखी काय हवं? या वयात, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत होतो, या वयात कोण कुणासाठी येतं. पण माझ्या डोक्यात एक माणूस तयार झालाच. गिब्सन स्ट्रीटचा. विधुर, अर्थातच. दाट केसांचा. जुन्या पोलिश वस्तीत राहणारा, चर्चमध्ये मोठ्याने गाणारा, स्वतःच्या हाताने पिरोगीच्या करंज्या करणारा असेल मेला. तिने त्याला आपल्या फोनच्या पत्त्यात घालून ठेवलं होतं. का, ते मला नीट लावता येईना. मग एका सकाळी व्यायामवर्गाला म्हणून निघालो आणि गाडी त्या जुन्या वस्तीकडे, ब्रॉडवेला वळवली. रस्त्याच्या कडेला काळ्या बर्फाचे ढीग अजून विरघळत होते. लहानपणी मी आईबरोबर इथल्या बाजारात सॉसेजच्या रांगेत उभा राहायचो, तेव्हा रस्त्यात पाय ठेवायला जागा नसायची. आता दोन घरं, मग मोकळं, मग एक घर, मग पुन्हा मोकळं, असं तोंडातल्या दातांसारखं झालंय सगळं. गिब्सन स्ट्रीटवर मी आकडे बघत बघत गेलो. एकशे ऐंशी होतं, खिडक्यांना फळ्या ठोकलेलं. एकशे अठ्ठ्याऐंशी होतं. मधे गवत होतं.

मी उतरून त्या गवतात उभा राहिलो. एक दगडी पायरी तेवढी राहिली होती, कुठेही न जाणारी. एकशे अठ्ठ्याऐंशीच्या व्हरांड्यातून एका म्हाताऱ्या काळ्या गृहस्थाने विचारलं, "काय हवंय, साहेब?" "इथे कोण राहतं?" "आत्ता तर तुम्हीच उभे आहात." तो हसला. "मी आलो त्याच्या आधीच पाडलं ते. इथे कुणी राहत नाही हो. उन्हाळ्यात आम्ही टोमॅटो लावतो थोडे. तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बसा जरा." मला बरं वाटत नव्हतं. छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं होतं, आणि डोक्यात आलं ते असं, की सबंध जगात ही एकच जागा आहे जिथे मी आत्ता कोसळलो तर आमच्या फोनवरून बोलावलेली अॅम्ब्युलन्स बरोबर माझ्यापाशी येईल. मला हसू आलं आणि ते हसू मधेच थिजलं. कारण मग माणूस नव्हताच. दाट केसांचा विधुर नव्हता. असता तर बरं झालं असतं. तिने मुद्दाम एक रिकामी जागा निवडली होती. गाडी येईल, गवत बघेल आणि परत जाईल, आणि रोवन रोडवर स्वयंपाकघराच्या फरशीवर मी. तिला मी मेलेला हवाय. लुसिनाला. त्या पायरीवर बसून मी हा विचार पूर्ण केला, शांतपणे, एखाद्या केसचा कागद भरावा तसा, आणि मला स्वतःची किळस आली, पण विचार मागे घेता येईना.

घरी आलो ते माझ्या नेहमीच्या वेळेच्या आधी. गाडी कोपऱ्यावर ठेवली. पुढच्या दाराने न जाता मागून शिरलो, बूट काढून. झोपायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आता दार ओलांडलं गेलंय, आता धरायचं, असं मनात म्हणालो आणि दार ढकललं. लुसिना पलंगाच्या कडेवर बसली होती, अंगात बाहेर जायचा कोट, पायात बूट, मांडीवर रेनाटाने टाकून दिलेला जुना टॅब. चौथा सापडला. तिने तो उलटा करून कोटाखाली दडपला, आणि मी तिचा हात धरला. खरंच मनगट धरलं, दुकानात धरायचो तसं. "दाखव," मी म्हणालो.

टॅबवर रस्त्याचं चित्र होतं, नकाशातलं, ज्यात बोटाने सरकत जाता येतं तसलं. एकशे ऐंशी होतं, खिडक्यांना पडदे असलेलं. एकशे अठ्ठ्याऐंशी होतं. मधे एक अरुंद लाकडी घर होतं, पिवळट, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्याखाली ती दगडी पायरी. कोपऱ्यात चित्राचं साल होतं, खूप जुनं. "जुनी चित्रं ठेवलेली असतात त्यात," लुसिना म्हणाली. "साल मागे नेलं की घर येतं." "कुणाचं घर?" "आमचं. आई होती तोपर्यंतचं. ती गेली आणि वडिलांनी दुसरं लग्न करून इकडे आणलं आम्हाला. तुला सांगितलं नाही का कधी?" सांगितलं नव्हतं. आईबद्दल ती कधीच बोलत नसे, आणि मी विचारत नसे, मी मोठा गुपितं ओळखणारा. "म्हणजे तो पत्ता..." मी म्हणालो. तिने चटकन वर बघितलं. "तुला माहीत आहे?" "पहिल्या दिवसापासून." "आणि बोलला नाहीस?"

मी तिचा हात सोडला. मनगटावर माझी बोटं उठली होती. ती त्या वळांकडे बघत बोलायला लागली. "तो मदतकेंद्रातला पोरगा चांगला होता रे. नाव विचारलं, सांगितलं. नंबर विचारला, सांगितला. मग म्हणाला, आता घरचा पत्ता सांगा. आणि मला हाच आला. मला कळत होतं, हा नव्हे. दुसरा आहे, आत्ता येईल. मी थांबले, कॅझ. बोर्डावर असताना लाइन अडकली की थांबायचे तशी थांबले. आलाच नाही. तो म्हणाला, हॅलो, आहात ना? मग मी आला तो देऊन टाकला." "अगं, मग नंतर..." "नंतर रोज लावते ना फोन! तू झोपलास की लावते. माणूस लाइनवर येतो, पहिलं काय विचारतो? घरचा पत्ता. आणि मी ठेवून देते." तिने नाक पुसलं. "कागदावर लिहून हातात धरायचा, तर ते सुचतं फोन ठेवल्यावर. तुला कसं सांगू? तू लगेच रेनाटाला सांगणार, आणि दोघं मिळून मला कुठेतरी नेऊन ठेवणार. तेच ठरवत होतास ना गॅरेजमध्ये?" "नाही." "मग काय बोलत होतास?"  काय सांगणार होतो? की मी तुला खुनी ठरवून आलोय? मी तिच्या शेजारी बसलो आणि रडलो. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "छातीत दुखतंय का? कॅझ? फोन करू का?" आणि ते ऐकून मला आणखीच रडू आलं.

त्याच दुपारी मी मदतकेंद्राला फोन करून पत्ता बदलला. लुसिना शेजारी उभी होती, मी म्हटलेला प्रत्येक शब्द ओठांनी म्हणत. मग मी तिला तो तपासायचा नंबर दाखवला, नऊ, तीन, तीन. यंत्रबाईने एकोणचाळीस, रोवन रोड, चीकटोवागा म्हटलं, आणि लुसिनाचा चेहरा असा उजळला, की मला त्या यंत्राचे आभार मानावेसे वाटले. रेनाटाला सांगितलं, डॉक्टरकडे जाऊन आलो, गोळ्या सुरू झाल्या. आणि सकाळी मी दाढी करत असताना तिसरा दिवा लुकलुकायचा. स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, हॉस्पिटलातला, सरळ, स्वच्छ, यंत्रामागून एकेक शब्द म्हणणारा. शेवटी ती यंत्राला म्हणायची, "धन्यवाद." मी दाराआड उभा राहून ऐकायचो. आता त्या दिव्यावर मी डोळा ठेवून बसत नसे. वाटायचं, हे असंच चालू राहिलं तर चालेल. उन्हाळा आला, गेला. गिब्सन स्ट्रीटवरच्या त्या गृहस्थाकडून मी टोमॅटो आणले, कुठून आणले ते सांगितलं नाही, आणि लुसिना म्हणाली, आंबट आहेत.

परवा सकाळी तिसरा दिवा लुकलुकत होता आणि तिचा आवाज आला नाही. मी तोंडाला साबण लावलेला तसाच बाहेर आलो. तिने रिसीव्हर कानाला गच्च धरला होता आणि ऐकत होती. पुन्हा ऐकलं. मग अलगद जागेवर ठेवला, आजूबाजूला बघितलं, मी दिसल्यावर बोटाने जवळ बोलावलं. "हळू बोल," ती म्हणाली. "फोनमध्ये कुणीतरी आपला पत्ता बदललाय." "कोणी?" "ते कळलं तर मी सांगितलं नसतं का? मी त्या पोराला बरोबर सांगितला होता. आता भलताच काहीतरी सांगतायत. कॅझ, आई त्या पत्त्यावर आपली वाट बघत असेल आणि यांनी आपल्याला कुठेतरीच नेऊन ठेवलंय." मी बदलला, हे शब्द माझ्या तोंडाशी आले. तिने माझ्या गालावरचा साबण बोटाने पुसला. "घाबरू नकोस. तुझ्यावर माझा संशय नाही. तू असलं कधी करणार नाहीस." मग ती आत गेली आणि कोट घालून आली. बूट घालायला बाकावर बसली, नाड्या हातात घेऊन, आणि तिथूनच म्हणाली, "मी जाऊन बघून येते. तू इथे लक्ष ठेव. तुझं कामच आहे ते."

"ठेवतो," मी म्हणालो. तिची बोटं नाड्यांशी झटत होती, गाठ बसत नव्हती. मी माझी खुर्ची उचलली, पुढच्या दाराशी नेऊन ठेवली, आणि दाराला पाठ लावून बसलो.